तेल जातं कुठं?

गाडी नीट उभी राहायच्या आधीच गिऱ्हाईक रोगाचं नाव सांगून मोकळं होतं. "ऑइल पंप गेलाय, बदलून टाका." डॅशबोर्डवर तेलाच्या किटलीचं तांबडं चित्र पेटलेलं असतं, कुणीतरी सांगितलेलं असतं की ही तेलाच्या दाबाची लाईट. दाब पंप देतो, म्हणजे पंप गेला. हिशेब सरळ वाटतो. पण कोल्हापुरात इंजिनं उघडत माझी हयात चालली आहे, त्यावरून सांगतो, संशयितांच्या यादीत पंप बहुतेक वेळा शेवटचा असतो. नवा पंप बसवलाय आणि आठवड्याभरात तीच लाईट पुन्हा पेटली आहे, अशा गाड्या दुसरीकडून फिरत माझ्याकडे येतात. तोवर मालकाचे पैसे गेलेले असतात आणि त्याहून वाईट म्हणजे क्रँक आणखी घासलेला असतो.

पंप दाब तयार करत नाही. तो तेल पुढं ढकलतो, एवढंच. इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरमध्ये तळाशी असलेल्या जाळीतून तेल ओढायचं, ते फिल्टरमधून गाळून ब्लॉकमधल्या मुख्य गॅलरीत सोडायचं. तिथून ते क्रँकच्या मेन बेअरिंगला, क्रँकमधल्या भोकांतून कनेक्टिंग रॉडच्या बिग एंडला, वर हेडमध्ये कॅमला आणि टर्बोची गाडी असेल तर टर्बोला जातं. पंपात एकमेकांत अडकलेले दोन गिअर असतात, किंवा एक आतला आणि एक बाहेरचा रोटर. एका फेरीत ठरावीक तेल उचलायचं, याच्यापलीकडे त्यांना काही ठाऊक नसतं. त्या तेलाला पुढं अरुंद वाटेतून जावं लागतं म्हणून दाब चढतो. वाट रुंद झाली की तेल तेवढंच वाहतं, दाब मात्र बसतो.

आमच्याकडे येणारे निम्मे लोक शेतीवाले. त्यांना मी उसाच्या पाण्याचं उदाहरण देतो. विहिरीवरची मोटर चांगली चालू आहे, पाणीही ओढते आहे, पण मधेच पाट फुटला तर शेवटच्या सरीला पाणी पोहोचत नाही. तिथं नवी मोटर बसवून काय होणार? पाट कुठं फुटला ते आधी चालत जाऊन बघायला पाहिजे. हे सांगितलं की शिरोळ-हातकणंगल्याचा माणूस लगेच मान डोलावतो. इंजिनातल्या शेवटच्या सऱ्या म्हणजे कॅम आणि टर्बो. टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाच्या वर फेऱ्या मारतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. दाब पडला की सगळ्यात आधी त्याचंच मरण ओढवतं.

आता हा पाट फुटतो म्हणजे काय होतं? बेअरिंगचा शेल आणि क्रँकचं जर्नल यांच्यात छोट्या गाड्यांत साधारण ०.०३ ते ०.०६ मिलिमीटर फट ठेवलेली असते. अशा बारीक फटीतून तेल किती निसटतं ते फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. दाब तोच, तेलाचा पातळपणा तोच, पण फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट होत नाही, आठपट होते. हे गणित पहिल्यांदा नीट कळलं तेव्हा मला बऱ्याच जुन्या कोड्यांची उत्तरं मिळाली. वर्षानुवर्षं ठणठणीत चाललेलं इंजिन एका उन्हाळ्यात अचानक लाईट का दाखवतं, हे त्यातलंच एक. ते अचानक झालेलं नसतं. झीज हळूहळू वाढत होती, गळती मात्र झपाट्यानं वाढली. त्यात उन्हाळ्यात तेल जास्त तापतं, पातळ होतं, आणि उरलासुरला आधारही जातो.

आमचे वस्ताद शिवाजी उद्यमनगरात काम करायचे. तालमीत वस्ताद असतो तसा कोल्हापुरात गॅरेजलाही वस्ताद असतो. त्यांच्याकडे एक प्रेशर गेज होतं, मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. कुठल्याही गाडीची लाईट पेटते म्हणून तक्रार आली की ते म्हणायचे, "आधी गेज, मग पाना. पंप तेल देतोय. त्ये तेल कुठं चाललंय त्ये हुडक." ऑइल स्विच काढायचा, त्या भोकात गेज बसवायचं, इंजिन थंड असताना एकदा आणि चांगलं तापल्यावर पुन्हा एकदा दाब बघायचा. तापलेल्या इंजिनाला दर हजार फेऱ्यांमागं सुमारे दहा पाउंड दाब असावा, असा गॅरेजमधला जुना अंदाज आहे. कंपनीच्या पुस्तकातला आकडा मिळाला तर तोच धरायचा.

तांबडी लाईट या कामाला पुरेशी नाही, हे लोकांना पटवायला फार वेळ लागतो. बहुतेक गाड्यांत तिचा स्विच ०.३ ते ०.५ किलो दाबाच्या आसपास चालतो. म्हणजे चार किलोवरून दाब दीड किलोवर आला तरी ती गप्पच असते. ती पेटते तेव्हा इंजिनात जवळपास काहीच शिल्लक राहिलेलं नसतं. म्हणून "एवढं घरापर्यंत नेतो आणि उद्या दाखवतो" असं फोनवर कुणी म्हणालं की मी आवाज चढवून सांगतो, आत्ता तिथंच बंद करा. रागावले तरी चालेल. टो करून आणायला जे पैसे लागतात, त्याच्या कितीतरी पट क्रँक ग्राइंडिंग, शेल आणि मजुरीत जातात.

गेजची सुई पुष्कळ बोलते. इंजिन थंड असताना दाब चांगला, गरम झाल्यावर बसला, तर बेअरिंग सैल किंवा तेल पातळ. अशा वेळी डिपस्टिक काढून वास घ्यायचा. डिझेल किंवा पेट्रोल तेलात उतरत असेल तर नाकाला कळतं. थंड असतानाही दाब कमी असेल तर मात्र जाळी, रिलीफ व्हॉल्व्ह, ओढीच्या नळीची ओ-रिंग आणि मग पंप. सगळ्यात फसवी तक्रार वेगळीच. सकाळी दाब उत्तम, हायवेवर वीसेक किलोमीटर पळवली की लाईट, बाजूला घेऊन अर्धा तास थांबलं की पुन्हा उत्तम. लोक वायरिंग तपासत बसतात. चेंबरमध्ये साठलेला काळा गाळ वेगात जाळीवर येऊन चिकटतो आणि इंजिन बंद केलं की खाली सुटून बसतो. चेंबर खोलल्याशिवाय तो दिसणार नाही.

आणि चेंबर खोलल्यावर त्यात काय काय सापडतं! चेंबर बसवताना सिलिकॉन सढळ हातानं लावलेलं असतं. बोल्ट आवळले की जेवढं बाहेर येतं तेवढंच आतही येतं. बाहेरचं पुसून टाकतात, आतलं सुटून जाळीवर जातं. सिलिकॉनचे ते लांबट तुकडे चिमट्यानं एकेक काढताना मला खरोखर वाईट वाटतं, कारण ही झीज नव्हे, हे कुणीतरी घाईत केलेलं काम आहे. सिलिकॉनची बारीक, सलग एकच रेघ पुरते.

पंप उघडायची पाळी आलीच तर त्याचं झाकण काढून बॉडीवर सरळ पट्टी आडवी ठेवायची आणि गिअर व पट्टी यांच्यात फिलर गेज घालायचं. ०.१० मिलिमीटरच्या पुढं गेलं की मी पुस्तकातली मर्यादा बघायला लागतो. जुन्या पंपांत झाकणाच्या आतल्या बाजूला गिअरनं गोल खाच पाडलेली असे. ती काचेवर एमरी पेपर ठेवून, तेल घालून, आठाच्या आकड्यात घासून सपाट करता येई. हातानं जमत नाही त्या कामाला उद्यमनगर आहेच. तिथं लेथ एका गल्लीत, क्रँक ग्राइंडिंग दुसऱ्या गल्लीत, बुश ओतणारा तिसऱ्या गल्लीत. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार या जुन्या उद्योजकांच्या पिढीनं या गावाला लोखंडाची समज दिली. ऊस आणि गुऱ्हाळासाठी लागणाऱ्या ऑइल इंजिनांपासून सुरू झालेलं काम आज शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगल्याच्या एमआयडीसीत पसरलं आहे. देशभरच्या गाड्यांच्या इंजिनांची कास्टिंग इथल्या फाउंड्र्यांत ओतली जातात, किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना कागलला आहे, मेनन बेअरिंग्जचा गोकुळ शिरगावला. म्हणजे ज्या शेलवरची झीज मी दिवसभर वाचत असतो, तसे शेल माझ्या गॅरेजपासून थोड्याच अंतरावर तयार होतात. मला त्याचा अभिमान वाटतो आणि तो लपवावासाही वाटत नाही.

शेल वाचायचा असतो तो त्याच्या थरांवरून. पाठीला पोलाद, त्यावर मऊ धातूचं अस्तर. करडा एकसारखा रंग असेल तर साधी झीज. तांबूस दिसायला लागलं तर वरचा थर जाऊन खालचं तांबं उघडं पडलं. उभे ओरखडे असतील तर कचरा. काळानिळा पडला असेल तर तेलच पोहोचलं नव्हतं. मेन बेअरिंगचे सगळे शेल ओळीनं मांडून ठेवले की तेल कुठवर पोहोचत होतं आणि कुठं कमी पडलं हे डोळ्यांना दिसतं. मी मालकाला बोलावून ते दाखवतो. बिल बघून त्याचा चेहरा पडायच्या आधी त्याला कारण दिसलेलं बरं.

ऑगस्ट २०१९ मधल्या महापुरानं मला या पंपाबद्दल जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याच पुस्तकानं शिकवलं नसतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. तेव्हा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, आणि दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, ५६ फुटांच्याही वर. शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क, दुधाळी, सगळीकडे गाड्या पाण्यात. शिरोलीजवळ हायवे बंद, पुण्याकडून येणारं सामान बंद. पाणी ओसरायला लागलं तशी लोकांनी चिखलातून गाड्या शोधून काढल्या आणि बऱ्याच जणांनी जे करू नये तेच आधी केलं. चावी फिरवून बघितली.

त्यामागची हळहळ मला समजते. ज्याचं घर पाण्यात गेलं, त्याला निदान गाडी तरी शाबूत आहे का हे बघायचं असतं. पण पाणी तेलापेक्षा जड. चेंबरमध्ये पाणी शिरलं की तेल वर तरंगतं आणि पाणी तळाला बसतं. पंपाची जाळीही तळालाच असते. म्हणजे स्टार्टर फिरताक्षणी पंप पहिला घोट तेलाचा घेत नाही, पाण्याचा घेतो, आणि त्यासोबत पंचगंगेचा बारीक गाळ. पंप फिल्टरच्या आधी असतो हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. फिल्टर बेअरिंगला वाचवतो, पंपाला नाही. पंपाला फक्त जाळीचा आधार, आणि तिची भोकं एवढी मोठी की गाळ सहज आत जातो. चावी फिरवलेल्या गाड्यांचे पंप उघडले तेव्हा गिअरच्या दातांवर आणि झाकणावर गोल ओरखडे स्पष्ट दिसत होते. काहींच्या सिलिंडरमध्ये पाणी राहिलं होतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळं कनेक्टिंग रॉडच वाकले.

चावी न फिरवलेल्या गाड्या मात्र वाचल्या. बॅटरी सोडवायची, टो करून आणायची, प्लग किंवा इंजेक्टर काढायचे, चेंबर उतरवायचं. आधी पाणी सुटायचं, मग दुधाळ झालेलं तेल. जाळी, पंप, रिलीफ व्हॉल्व्हचा प्लंजर आणि त्याची स्प्रिंग डिझेलनं धुवायची. तो प्लंजर गाळानं उघडा अडकला तर सगळं तेल मागच्या मागं परत येतं आणि दाब चढतच नाही. बंद अडकला तर थंड इंजिनात दाब इतका चढतो की फिल्टरचं सील फुटतं. बोटानं दाबून तो आपल्या वजनानं परत सरकतो का हे बघितल्याशिवाय मी पंप बसवू देत नाही. मग क्रँक हातानं फिरवायचा, स्वस्तातलं तेल घालून थोडा वेळ चालवायचं, काढून टाकायचं, तेल स्वच्छ येईपर्यंत पुन्हा तेच. त्या दिवसांत उद्यमनगरात रात्री उशिरापर्यंत दिवे चालू होते आणि कुणी कुणाला पान्याला नाही म्हणत नव्हतं. विम्याबाबत तेव्हा बऱ्याच जणांना नव्यानं कळलं की पाण्यात गाडी सुरू करायचा प्रयत्न करून इंजिन बिघडलं तर साध्या पॉलिसीत त्याची भरपाई सहसा मिळत नाही, इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. नदीकाठच्या प्रत्येकाला मी आजही हे सांगतो.

पुराव्यतिरिक्त आमच्या भागाचा दुसरा खास रोग म्हणजे चेपलेलं चेंबर. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी शेतरस्त्यांना खोल चाकोऱ्या पडतात आणि मधला उंचवटा तसाच राहतो. त्यावरून कार नेली की तळ घासतो. पत्र्याचं चेंबर फुटत नाही, गळत नाही, नुसतं आत जातं. म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. शिरोळ तालुक्यातल्या एका बागायतदारांची गाडी अशीच आली होती. आयडलला दाब ठीक, पण वेग घेतला की लाईट.

"दोन पंप बदललं ओ भावा, आता इंजिनच बदलू का?"

गाडी वर घेतली आणि टॉर्च मारला. चेंबरच्या पोटात जाळीच्या बरोबर खाली खड्डा आत गेलेला. तळ आणि जाळी यांच्यातलं अंतर जवळजवळ संपलेलं. हळू चालताना लागणारं थोडं तेल त्या फटीतून येत होतं, जास्त फेऱ्यांना लागणारं येत नव्हतं. त्यांच्या दोन्ही नव्या पंपांत काहीही दोष नव्हता, त्यांना प्यायला तेलच मिळत नव्हतं. चेंबर उतरवून लाकडी ठोकळ्यावर ठोकून सरळ केलं, शेल बघून घेतले, ते सुदैवानं शाबूत होते. गाडी आजही चालू आहे.

गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना किंवा आंबा घाटाच्या वळणांवर लाईट नुसती लुकलुकते, सरळ रस्त्यावर विझते, अशीही तक्रार येते. तेल कमी असलं की वळणावर आणि ब्रेकवर ते चेंबरच्या एका बाजूला धावतं, जाळी क्षणभर उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. ते क्षणच बेअरिंग खातात. अशा वेळी बाजूला थांबून डिपस्टिक बघावी, निम्म्या तक्रारी एक लिटर तेलात मिटतात.

लाईट विझवण्यासाठी जाड तेल घालण्याची जी चाल पडली आहे ती मला बिलकूल मान्य नाही. पाच-तीस ग्रेडचं तेल मागणाऱ्या इंजिनात वीस-पन्नास घातलं की दाब दिसायला चांगला दिसतो, लाईट जाते, गाडी विकायलाही सोपी जाते. पण सकाळी थंड इंजिनात ते तेल कॅमपर्यंत चढायला वेळ लावतं, आणि रोजचे ते पहिले काही सेकंद कोरडे जातात. रांजणगावला २०२० पर्यंत तयार झालेल्या १.३ लिटरच्या मल्टिजेट डिझेलसारख्या इंजिनांत टायमिंग चेनचा ताणही तेलाच्या दाबावरच राखला जातो. तिथं तेलाशी खेळणं म्हणजे चेनशी खेळणं. विकणाऱ्यानं लपवलेला तो दोष विकत घेणाऱ्याच्या गळ्यात पडतो, आणि तो बहुधा पहिलीच गाडी घेणारा कुणी तरुण असतो.

नव्या इंजिनांनी आमचं काम अवघडही केलं आणि जास्त विचाराचंही. आता काही पंप गरजेप्रमाणे कमी-जास्त तेल देतात, कॉम्प्युटर सोलेनॉइडनं त्यांना सांगतो. शून्य-वीससारखं पातळ तेल आलं. तिथं दर हजाराला दहा पाउंडाचा अंदाज लावून चालत नाही, स्कॅनर आणि कंपनीचा तक्ता हाताशी लागतो. काही इंजिनांत पंप फिरवणारा पट्टाच तेलात बुडालेला असतो. २०२३ च्या अखेरीस फोर्डनं अमेरिकेत फोकस आणि इकोस्पोर्टच्या एक लिटर इंजिनाच्या सव्वा लाखाहून जास्त गाड्या परत बोलावल्या, त्या याच पट्ट्याच्या टेन्शनरमुळं. असा पट्टा चुकीच्या तेलानं फुगतो, त्याचे रबराचे कण सुटतात, आणि ते जाऊन बसतात कुठं, तर जाळीवर. इतकी सुधारणा झाली तरी शेवटी चेंबर उतरवून जाळीच बघावी लागते.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी पंप बसवण्याचं काम लवकर देतो, कारण त्यात घाई लगेच उघडी पडते. कोरडा पंप तेल ओढत नाही. गिअरच्या फटींत तेल नसेल तर तो नुसती हवा घुसळत राहतो. म्हणून गिअरमध्ये व्हॅसलीन भरायचं, ते पुढं तेलात विरघळून जातं. ओढीच्या नळीची ओ-रिंग नवीच घालायची, जुनी कितीही चांगली दिसली तरी. फिल्टर तेलानं भरून लावायचा. मग डिझेलची लाईन काढून ठेवायची आणि स्टार्टर मारायचा, दहा सेकंदांच्या वर नाही, मधे थांबत. पोरगा गेजकडं बघत उभा असतो. सुई हलली नाही तर पुन्हा चेंबर उतरवायचं, "चालू झाल्यावर चढेल" हे माझ्याकडे चालत नाही. सुई दीड किलोवर जाऊन टिकली, की मगच डिझेलची लाईन जोडायची.